शिकत असताना अधिक चांगले अर्धवेळ काम कसे मिळवावे : १५ ते १९ वयोगटातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीनंतर पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत खोली घेऊन किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या अनेक मुलामुलींना मेसचे आणि भाड्याचे पैसे पूर्णपणे किंवा काही अंशी स्वतः उभे करावे लागतात. पहिले काम बहुधा ओळखीतून, घाईत आणि समोरचा सांगेल त्या अटींवर पत्करले जाते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्यानंतरच्या टप्प्यासाठी आहेत : हाती एक काम आहे किंवा होते, पण ते परवडत नाही, अभ्यास मागे पडतो आहे किंवा त्यातून नवे काही शिकायला मिळत नाही, आणि यापेक्षा बरे काही मिळेल का, असा प्रश्न मनात आहे. उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती धरून दिली आहेत.

“अधिक चांगले” काम नेमके कशाला म्हणावे? जिथे पगार जास्त, ते काम चांगले, असे नाही का?

महिन्याच्या आकड्यावरून काम जोखणे ही या वयात होणारी सर्वांत महागडी चूक आहे, म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरील एका कापड दुकानात महिन्याला ६,००० रुपये मिळतात, महिन्यात २६ दिवस आणि दिवसाला ५ तास काम असते. म्हणजे १३० तासांचे ६,००० रुपये, तासाला सुमारे ४६ रुपये. परंतु विद्यार्थी वारज्याला राहतो, जाण्यायेण्यात रोज दीड तास जातो आणि बसला ४० रुपये लागतात. आता एकूण तास १६९ झाले आणि बसभाडे वजा जाता हातात ४,९६० रुपये उरले. तासाचा खरा दर २९ रुपयांच्या आसपास आला.

त्याच विद्यार्थ्याला खोलीपासून पायी अंतरावर तीन मुलांची शिकवणी मिळाली, महिन्याला एकूण ४,५०० रुपये, २४ दिवस, रोज दीड तास आणि चालण्यात अर्धा तास, तर ४८ तासांचे ४,५०० रुपये होतात, म्हणजे तासाला जवळजवळ ९४ रुपये. पगार दीड हजाराने कमी दिसतो, पण महिन्याचे १२१ तास परत मिळतात. बारावीच्या वर्षात त्या तासांचे मोल किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हिशेब झाल्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काम सुटण्याची वेळ ठरलेली आहे का, की “आज जरा थांब” हे रोजचेच आहे? आणि सहा महिन्यांनी तुम्हाला असे काय येत असेल, जे आज येत नाही? या दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर तासाचा दर थोडा कमी असला तरी मी ते काम चांगले मानेन. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर चांगल्या दराचे कामही फार काळ धरून ठेवू नये.

माझे वय १६ आहे. मला काम करण्याची कायद्याने परवानगी आहे का?

आहे, परंतु मर्यादांसह. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि त्यात १४ वर्षे पूर्ण झालेल्या, पण १८ पूर्ण न झालेल्या व्यक्तींचा “किशोरवयीन” असा स्वतंत्र गट आला. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करणे आणि काही अटींवर बालकलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. किशोरवयीनांना खाणीत, ज्वालाग्राही किंवा स्फोटक पदार्थांच्या कामात आणि कारखान्यांच्या कायद्याने धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियांत ठेवता येत नाही. इतर ठिकाणी ठेवता येते.

जिथे ठेवता येते, तिथे वेळेचे नियम असे आहेत : सलग तीन तासांहून अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती आणि ताटकळण्याचा वेळ धरून दिवसाची एकूण मुदत सहा तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही, जादा तास नाहीत, एका दिवशी दोन ठिकाणी नोकरी नाही, आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. दुकान, उपाहारगृह, वर्कशॉप, शेत, नाट्यगृह या सर्वांना कायदा “आस्थापना” म्हणतो, त्यामुळे कोपऱ्यावरचे लहानसे उपाहारगृहही यातून सुटत नाही.

हे नियम वाचून अनेक विद्यार्थी हिरमुसतात, कारण महाविद्यालय सुटल्यानंतर मिळणारे बहुतेक काम संध्याकाळचेच असते. ही अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. परंतु ज्या मुलाला सकाळी सातच्या तासाला बसायचे आहे, त्याने रात्री अकरापर्यंत भांडी विसळत उभे राहू नये, यासाठीच ही मर्यादा घातलेली आहे. १८ पूर्ण होईपर्यंत दुपारची, शनिवार-रविवारची आणि सुट्टीतील कामे शोधणे, हाच मार्ग आहे.

पहाटे वर्तमानपत्रे टाकण्याचे काम तर वर्षानुवर्षे विद्यार्थीच करत आले आहेत. तेही चालत नाही का?

ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि अनेक घरांनी त्यावर शिक्षण पूर्ण केले आहे. तरीही १८ वर्षांखालील मुलाला एखाद्या आस्थापनेने सकाळी आठच्या आधी कामाला लावणे वरील नियमात बसत नाही. १८ पूर्ण झालेल्यांसाठी मात्र हे काम आजही चांगले आहे : दीड-दोन तासांत संपते, दिवस मोकळा राहतो आणि लाईन एकदा पाठ झाली की डोक्याला ताण नसतो.

डिलिव्हरीच्या कामात पैसे बरे मिळतात असे ऐकतो. मी १७ वर्षांचा आहे. मित्राच्या नावावर खाते घेऊन काम करू का?

कृपया करू नका. मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षांपूर्वी फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवण्याचा परवाना १६ व्या वर्षापासून मिळू शकतो, आणि बाजारातील नेहमीच्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर काम करताना अपघात झाला, तर विम्याच्या कागदावर तुमचे नावच नसते. महिन्याच्या चार पैशांसाठी पत्करावा असा हा धोका नाही.

फटाक्यांच्या स्टॉलबद्दलही हेच सांगणे आहे. दिवाळीत दहा दिवसांचे रोख पैसे मिळतात म्हणून मुले तिकडे वळतात, पण स्फोटक पदार्थांचे काम किशोरवयीनांसाठी निषिद्ध आहे, आणि ते का, हे सांगायला नको.

चांगली कामे शोधायची कुठे? मला तर सगळीकडे “जागा भरणे आहे”च्या त्याच त्या पाट्या दिसतात.

पाटी लागेपर्यंत चांगली जागा बहुधा भरलेली असते. ज्या दुकानात माणसे टिकत नाहीत, तिथे पाटी बारा महिने लटकलेली दिसते, आणि हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणून पाटीच्या आधी पोचावे लागते, आणि त्यासाठी कोणत्या धंद्याला कधी माणसे लागतात, हे माहीत असावे लागते.

शाळा उघडण्याच्या आधी, मे अखेरीपासून जूनभर, पाठ्यपुस्तके, वह्या आणि गणवेश विकणाऱ्या दुकानांना जादा हात हवे असतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या आधी दोन-अडीच महिने मूर्तींच्या कारखान्यांत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी जोरात असते; पेणमध्ये तर हे काम वर्षभर चालते. ज्याचा हात चित्रकलेत बसलेला आहे, त्याने एप्रिल-मेमध्येच जाऊन विचारावे, कारण आखणीचे काम एका दिवसात सोपवले जात नाही. दसरा ते दिवाळी कापड, भेटवस्तू, कंदील आणि फराळ यांचे दिवस. घरगुती फराळ करणाऱ्या बायकांना या काळात तळणारीपेक्षा पॅकिंग करणारी, वजन करणारी आणि फोनवरच्या मागण्या वहीत नीट उतरवणारी व्यक्ती जास्त हवी असते. लगीनसराईत केटरर वाढपी शोधतात. मुहूर्त दुपारचा असेल, तर ते काम १८ खालील विद्यार्थ्यालाही वेळेत बसू शकते.

मालकाने माणूस शोधायला सुरुवात करण्याच्या तीन-चार आठवडे आधी, दुकानात गर्दी नसताना, म्हणजे साधारण सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी, जाऊन स्वतः बोलावे. “काही काम आहे का?” असे विचारल्यास “नाही” हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी असे सांगावे : “नमस्कार काका, मी अकरावीला आहे, जवळच राहतो. जूनमध्ये तुमच्याकडे गर्दी असते हे पाहिले आहे. मी दुपारी एक ते पाच येऊ शकतो, हिशेब आणि बिलिंग जमते. गरज असेल तर कळवाल का?” वेळ, काम आणि हंगाम या तिन्ही गोष्टी त्यात आल्यामुळे मालकाला फक्त हो किंवा नाही ठरवायचे उरते.

वर्षभर चालणाऱ्या कामांसाठी झेरॉक्स व डीटीपीची दुकाने, अभ्यासिका, ग्रंथालये, दवाखान्यांतील नोंदणीचे टेबल, औषध दुकानातील माल लावणे, लहान व्यापाऱ्यांच्या जीएसटीच्या नोंदी ठेवणारी कार्यालये इथे पाहावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कर सल्लागाराकडे बिले फाईलला लावण्याचे काम केले, तरी त्याला पुस्तकातील जमाखर्च प्रत्यक्ष दिसतो.

“कमवा आणि शिका” योजना माझ्यासाठी आहे का?

तुम्ही पदवी अभ्यासक्रमाला असाल तर ही चौकशी सर्वांत आधी करा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरीब घरातील मुलाने दयेवर नव्हे, तर स्वतःच्या श्रमावर शिकावे, ही त्यांची भूमिका होती, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ती महाविद्यालयीन पातळीवर आली. पुढे विद्यापीठांनीही अशा योजना घेतल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते.

विद्यार्थ्याला ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत ठरावीक तास काम मिळते आणि तासाप्रमाणे मानधन जमा होते. दर बाजारापेक्षा मोठा नसतो, हे खरे आहे. पण जाण्यायेण्याचा वेळ शून्य, परीक्षेच्या काळात सवलत, आणि काम देणाऱ्यालाच तुमचे वेळापत्रक माहीत, या तीन गोष्टी पहिल्या प्रश्नातील हिशेबात घालून पाहिल्या, की ते काम बाहेरच्या पुष्कळ कामांहून सरस ठरते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला भरले जातात, म्हणून प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे. अनेक मुले ही योजना “फारच गरीब मुलांची” समजून संकोचाने जात नाहीत. तसा संकोच धरण्याचे काहीही कारण नाही.

कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी योजना सर्वत्र नसते, तरीही प्राचार्यांना किंवा ग्रंथपालांना विचारण्यात नुकसान नाही.

शिकवणी घेण्यासाठी मी पुरेसा हुशार नाही, असे वाटते.

चौथी-पाचवीच्या मुलाला नव्वद टक्के मिळवणारा शिक्षक लागत नाही. रोज ठरल्या वेळी येऊन गृहपाठ करून घेणारी, पाढे म्हणून घेणारी, शुद्धलेखन तपासणारी दादा-ताई लागते. ज्याला स्वतःला गणित जड गेले, तो मूल कुठे अडते ते अनेकदा लवकर ओळखतो. सुरुवात एका मुलापासून, आपल्याच सोसायटीत किंवा वाड्यात करावी. फी महिन्याच्या सुरुवातीला ठरवावी, सुट्ट्या कशा धरायच्या तेही तेव्हाच बोलावे, आणि घटक चाचणीचे गुण एका वहीत लिहून ठेवावेत, कारण दुसरे घर मिळवताना ती वहीच तुमच्यासाठी बोलते.

मला कसलाच अनुभव नाही. बायोडेटात काय लिहू?

एक पान पुरे. नाव, राहण्याचा भाग, शिक्षण, कोणत्या वारी कोणत्या वेळेत मोकळे आहात, येणाऱ्या भाषा आणि केलेली कामे. अनुभव नाही असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवलेला असतो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिलेली असते किंवा घरच्या शेतमालाच्या विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) जुळवलेल्या असतात. हे सर्व काम आहे. फक्त ते आकड्यांसह लिहावे : किती दिवस, किती माणसे, किती रक्कम.

एक कौशल्य आधी कमवून मग अर्ज करायचा असेल, तर मी मराठी टंकलेखन सुचवेन. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ३० व ४० शब्द प्रतिमिनिट अशा वेगांसाठी असते. पुढे शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी ते प्रमाणपत्र मागितले जाते, आणि आजही वकिलांकडे, मुद्रितशोधनात व डीटीपीच्या दुकानांत न अडखळता देवनागरी टाइप करणारी व्यक्ती सहज मिळत नाही.

काम स्वीकारण्यापूर्वी मालकाला काय विचारावे? जास्त प्रश्न विचारले तर काम जाईल अशी भीती वाटते.

पाच गोष्टी विचाराव्यात : तास कोणते, आठवड्याची सुट्टी कोणती, पगार किती आणि कोणत्या तारखेला, परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल का, आणि नुकसान झाल्यास पगारातून काही कापले जाते का. हे नम्रपणे विचारल्याने चांगला मालक रागावत नाही. उलट हा मुलगा वेळेचा पक्का दिसतो, असे त्याचे मत होते. जो रागावतो, त्याने पुढचे सहा महिने कसे जातील, हे आधीच सांगितलेले असते.

त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवावा : “काका, आज ठरल्याप्रमाणे मी सोमवारपासून दुपारी १ ते ५ येईन, रविवार सुट्टी, महिन्याला अमुक रुपये, ५ तारखेला. धन्यवाद.” समोरून “ओके” आले, तरी तो लेखी पुरावा होतो.

पगार योग्य आहे का हे पाहण्यासाठी किमान वेतनाचा आधार घ्यावा. राज्याचा कामगार विभाग दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी परिमंडळानुसार दर ठरवतो आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. मासिक दराला २६ ने भागले की दिवसाचा आणि त्याला ८ ने भागले की तासाचा दर कळतो. मालकाशी बोलण्यापूर्वी हा आकडा तुमच्या वहीत असावा.

घरबसल्या कामाच्या जाहिराती खऱ्या असतात का?

काही असतात, परंतु या वयोगटापर्यंत पोचणाऱ्या बहुतेक फसव्या असतात, आणि याविषयी लिहिताना मला खरोखर काळजी वाटते, कारण फसलेला विद्यार्थी घरी सांगत नाही. त्याच्या मते दोष त्याचा असतो. तो नसतो.

पहिला प्रकार डेटा एंट्रीचा. शेकडो पानांचे काम, मुदत आठ दिवस, अचूकता ९० टक्क्यांहून जास्त हवी, अशी अट. काम दिले की “अचूकता कमी भरली, करारभंग झाला, दंड भरा” अशी वकिलाच्या नावाची नोटीस येते. न्यायालयाच्या समन्सची नक्कलही पाठवली जाते. घाबरून पैसे भरू नयेत. असा दंड मागणे हाच त्या लोकांचा धंदा आहे.

दुसरा प्रकार टेलिग्रामवरील “टास्क”चा. व्हिडिओला लाईक करा, हॉटेलला पाच तारे द्या, लगेच दीडशे रुपये खात्यात. ते पैसे खरेच येतात, आणि विश्वास बसतो तो तिथेच. मग “प्रीपेड टास्क” सुरू होतो, आधी हजार भरा, तेराशे परत. मग पाच हजार, मग वीस हजार, आणि मग काहीच परत येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण त्यात विद्यार्थी स्वतः आरोपी होऊ शकतो. “तुझे बँक खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, दहा हजार मिळतील,” असे कोणी म्हणाले, तर ते खाते फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी हवे असते. पोलिसांचा माग खातेदाराच्या घरापर्यंत येतो. सिम कार्डाबाबतही तसेच.

खरे काम देणारा कामगाराकडून नोंदणी शुल्क, किटचे पैसे किंवा अनामत मागत नाही, एवढे सूत्र बहुतेक फसवणुकीतून वाचवते. पैसे गेलेच, तर विलंब न करता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

मालक एक वर्षाचा बाँड लिहून मागतो आणि दहावीची मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगतो. काय करावे?

मूळ कागद कोणालाही देऊ नये. छायाप्रत द्यावी, मूळ फक्त दाखवावी. गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळते. आधारची प्रत द्यावी लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार काढावे.

बाँडविषयी कायदा स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी लागते, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, असे ठरवले. त्यामुळे १७ व्या वर्षी सही केलेल्या बाँडच्या जोरावर तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. मात्र ही तलवार दुधारी आहे. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या १९४९ च्या निकालसंग्रहातील प्रकरणात वडिलांनी अज्ञान मुलीच्या वतीने चित्रपटात कामाचा करार केला होता. निर्माता तो मोडतो म्हणून तिने दावा लावला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने करारच निरर्थक ठरवला. म्हणजे बाँडमधील बोनस, पगारवाढ यांची आश्वासनेही तुम्हाला त्या कागदाच्या आधारे वसूल करणे कठीण जाते. म्हणून १८ खालील विद्यार्थ्याने दूरच्या आश्वासनांवर विसंबू नये आणि केलेल्या कामाचे पैसे दरमहा, शक्य तर दर आठवड्याला घ्यावेत. केलेल्या कामाचे वेतन मिळण्याचा हक्क कामगार कायद्यांतून येतो, तो बाँडवर अवलंबून नाही.

आयटीआयच्या वाटेने होणारी शिकाऊ उमेदवारी याला अपवाद आहे : १९६१ च्या कायद्यानुसार ती १४ व्या वर्षापासून घेता येते आणि अज्ञान उमेदवाराच्या वतीने पालक करारावर सही करतात.

पगार खात्यात घेण्यासाठी मला स्वतःचे खाते उघडता येईल का? कर भरावा लागेल का?

होय. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार १० वर्षांवरील मुले बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः बचत खाते उघडून चालवू शकतात. करासाठी अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः पालकाच्या उत्पन्नात धरले जाते, परंतु स्वतःच्या श्रमाने किंवा कौशल्याने कमावलेले उत्पन्न त्यातून वगळलेले आहे. ते त्याचे स्वतःचे मानले जाते. अर्धवेळ कामातून करपात्र मर्यादा गाठली जाण्याचा प्रसंग क्वचितच येईल.

घरचे म्हणतात, आधी शिक्षण पूर्ण कर. ते बरोबर आहेत का?

त्यांची भीती निराधार नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि कामाचे तास हळूहळू वर्गाच्या तासांत शिरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा मुदत ठरवून घ्यावी : दोन महिने काम करतो, घटक चाचणीचे गुण घसरले तर सोडतो. आणि घसरले, तर खरोखर सोडावे. मुलींच्या बाबतीत घरच्यांचा प्रश्न बहुधा सुरक्षिततेचा असतो, म्हणून रुजू होण्याआधी आईला किंवा मोठ्या भावंडाला एकदा कामाची जागा दाखवून आणणे उपयोगी पडते. मालकालाही या मुलीच्या मागे माणसे आहेत, हे कळते. गैरवर्तन झाल्यास गप्प बसू नये. १८ खालील मुलामुलींना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि अर्धवेळ किंवा प्रशिक्षणार्थी असल्याने हा हक्क कमी होत नाही.

नवे काम शोधण्याऐवजी आहे तिथेच पगार वाढवून मागावा का?

जागा जवळ असेल, वागणूक चांगली असेल आणि फक्त पैसे कमी असतील, तर आधी मागावाच. वेळ हंगामाच्या तोंडावरची निवडावी. दिवाळीच्या महिनाभर आधी अनुभवी हात गमावणे मालकाला परवडत नाही. मागणी गरजेवर न ठेवता कामावर ठेवावी. “खोलीभाडे वाढले” या वाक्यापेक्षा “सहा महिन्यांत माझ्या चारच रजा झाल्या, आता बिलिंग मी एकटा पाहतो आणि नव्या मुलाला मीच शिकवले” हे वाक्य वजनदार ठरते. नकार आला, तर पैशांऐवजी वेळ मागावा : तेवढ्याच पगारात एक तास कमी, किंवा परीक्षेआधी पंधरा दिवस भरपगारी सुट्टी. हे पुष्कळदा मान्य होते.

काम सोडले आणि मालक राहिलेला पगार देत नाही. आता?

शक्य असेल तर सोडण्याचे दोन आठवडे आधी लेखी कळवावे, किल्ल्या, गणवेश आणि रोख यांची मोजदाद करून द्यावी, आणि त्या दिवशीच अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. नंतर तो मिळणे अवघड जाते. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. तो आला नाही, तर आधी फोन न करता संदेश पाठवावा, त्यात दिवस, तास आणि बाकी रक्कम लिहावी आणि आठ दिवसांची मुदत द्यावी. एवढ्यावर बरेच जण पैसे देतात, कारण हिशेब लिहून ठेवणारा मुलगा तक्रारीपर्यंतही जाऊ शकतो, हे त्यांना समजते.

मुदत उलटली, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. वकील लागत नाही. सोबत रुजू होतानाचा तो व्हॉट्सॲप संदेश, खात्यात आलेल्या आधीच्या पगारांच्या नोंदी आणि हजेरीची वही जोडावी. हजेरी मालक ठेवत नसेल, तर पहिल्या दिवसापासून स्वतः ठेवावी : तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रोज दोन ओळी. १८ खालील विद्यार्थ्याने अर्ज देताना पालकांना किंवा एखाद्या शिक्षकांना सोबत न्यावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये.